वीसला एक

बाबाजीपुऱ्यात, जिन्याखालच्या अंधारात,
तुटक्या फिरक्या आणि रद्दीच्या मागे
सव्वीस वर्षं उभी होती लॅम्ब्रेटा.
भंगारवाला सोळाशे म्हणाला.
पमाआत्या म्हणाली, एवढ्यात तर नुसता हॉर्नही येणार नाही.
हॉर्न, नंतर कळलं, नव्हताच.

मी बँकेतून रजा काढली, खोटं कारण देऊन.
आत्याचं वय एकोणऐंशी, डावा गुडघा बदललेला.
बुटक्या स्टुलावर बसून ती पाने मागायची:
दहा-अकरा, चौदा, तो नव्हे, रिंग.
मी चुकलो की सर्जनसारखी
हात तसाच पुढे ठेवून गप्प.

पुढचं चाक सोडवलं तर आत
आसाला गुंडाळलेला गुलाबी मांजा,
ग्रीस पिऊन काळपट, तरी अजून बोट कापेल असा.
कुठल्या उत्तरायणाचा, कुणाच्या गच्चीवरचा,
आत्याने थोडा वेळ हिशेब लावला
आणि म्हणाली, टाक कापून.

कार्बोरेटर श्रीखंडाच्या डब्यात, रॉकेलमध्ये, रात्रभर.
सकाळी जेवणाच्या टेबलावर जेट फुंकत होतो
तर शेजारची हेतल लीलो चेवडो घेऊन आली,
वाटी ठेवली, नाकाला ओढणी लावली, उभ्यानेच परत.
क्लच प्लेटा राजकोटहून आल्या, चुकीच्या.
पुन्हा मागवल्या. त्याही चुकीच्या.
पाणीगेटच्या इस्माईलभाईंनी त्या कानशीने घासून
बरोबर केल्या, पैसे घेतले नाहीत,
आत्याला नुसतं विचारलं, "पमाबेन, हजी चलावो छो?"

ते 'हजी' मला तेव्हा ऐकू आलं नाही.

बाबा चालवायचे. हे आमच्या घरात
कुकरच्या शिट्टीइतकं ठरलेलं.
पावागढचा चढ दुसऱ्या गिअरवर,
विश्वामित्रीचं पाणी पुलावर आलेलं, त्यातून,
डभोईच्या रस्त्याला नीलगाय आडवी आली तो प्रसंग.
हवेत हँडल धरून सांगायचे,
आणि आम्ही वरणभात कालवता कालवता
त्यांच्याबरोबर वळायचो.
फोटोतही हँडल त्यांच्याच हातात.

मग सीटा काढल्या. पुढच्या सीटच्या पाठीला
मागे बसणाऱ्याने धरायची मूठ असते.
सगळ्या गाडीचा क्रोम शाबूत, हिचा नाही.
आतलं लोखंड उघडं पडून गुळगुळीत,
चार बोटांएवढं,
आणि एके ठिकाणी बारीक खाच.
बाबा पोवळ्याची अंगठी घालत.

मी काही विचारलं नाही. आत्याने माझ्याकडे पाहिलं,
मुठीकडे पाहिलं, चिंधी शोधायला लागली.
"दादा घाबरायचा रे.
फोटोत नीट बघ, गाडी स्टँडवर आहे.
पावागढला तर डोळे मिटून बसला होता."
"आणि नीलगाय?"
"ती खरी. मी पाहिली, त्याने नाही."
"इतकी वर्षं बोलली नाहीस."
ती पेट्रोलच्या बाटलीत तेल मोजत होती,
वीसला एक, काचेवर बोटाने खूण धरून.
"एवढं तेल लागतं," म्हणाली,
"नाहीतर पिस्टन धरतो."

अकराव्या किकला लागली.
गल्लीभर निळा धूर, वर कुणीतरी खिडकी आपटली,
"पमाबेन, धुमाडो!"
आत्या माझ्या खांद्याला धरून स्टँडवरच्या गाडीवर चढली,
नवा गुडघा बाजूला काढून,
आणि नुसती रेस देत राहिली.
गिअर टाकला नाही.
मी मागे बसलो, मुठीला हात घातला.
तिला हात लावू नका, असं इस्माईलभाईंना बजावलं होतं.
त्यांनी ऐकलं नव्हतं. नवा क्रोम, चकचकीत.
हात घसरला.

"बसलास नीट?"
गाडी जागच्या जागी होती.
तरी मी म्हटलं, हो.
सावकाश, आत्या.