पाच ग्रॅमचा चमचा

मुलीनं बंगलोरहून काळा डबा पाठवला,
वर दंड फुगवलेला पोरगा, मानेवर डोकं छापलेलंच नाही.
क्रिएटिन. रोज एक चमचा, पाच ग्रॅम.
सोबत तिच्या आईसाठी
माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या.

छत्तीस वर्षं मी वैधमापन खात्यात काढली.
इतवारीत माझी जीप वळली
की किराणा ओळीतले काटे आपोआप सरळ व्हायचे.
तर सवयीनं
कपाटातला पितळी तराजू काढला, चमचा तोलला.
चार ग्रॅम, सहाशे मिलिग्रॅम.

"चोर आहेत! नोटीस काढतो यांना."

चंद्रप्रभा गोळी उन्हात धरून बघत होती,
संत्र्याच्या फोडीत बी दिसते का, तशी.
सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं, "हे कशाचं जी?"
तिसऱ्यांदा सांगितलं, "डोक्याचं."
मग म्हणाली,
"त्या पौनीकरनं वजनातलं शिसं काढलं होतं न,
त्याले काहून सोडलं होतं तुमी?"

पौनीकर. त्र्याऐंशी साल.
पावकिलोचं वजन, बुडाशी भोक, भोकात लाख.
पोरीला टायफॉईड आहे म्हणाला.
हे मी घरी बोललो होतो?

डॉक्टर बुरडकर म्हणाले, पावडरचं नंतर बघू,
आधी खुर्चीतून उठून दाखवा. पाच वेळा, हात छातीशी.
तिसऱ्याला मी हात टेकला.
सायकलीनं कामठी गाठणाऱ्या मांड्या
रोज गुंजभर, इतक्या सफाईनं गेल्या
की काटा हललाच नाही,
आणि निरीक्षक घरातच बसलेला.

आता संध्याकाळी कूलर बंद करून
ती दिवाणावर बसते, मोजते.
एक. दोन. तीन...
तेवढ्यात गल्लीत कोणाची तरी स्कूटर,
"उद्या नळ येते का नाही जी?"
आणि पुन्हा एक.
मी पुन्हा एकपासून उठतो.
काल असे अकरा झाले, की तेरा,
कुठल्या रजिस्टरात नोंद नाही.

नोटीस राहिली.
चमचा काठोकाठ भरतो,
वरून चिमूटभर टाकतो अजून,
गोकुळपेठेतली भाजीवाली
तोलून झाल्यावर
पिशवीत सांबाराच्या दोन काड्या टाकते तशी.
तिचा काटा मी कधीच तपासला नाही.