सेहेचाळिसांत नऊ

गुरुवार. बंडगार्डनला पाणी बंद,
म्हणून उत्पलाकडे चहा कागदी कपांत,
आणि पैशांच्या जागी चिंचोके.
एक चिंचोका एक रुपया,
हे रझियाच्या वहीत सहीनिशी लिहिलेलं,
कारण मागल्या दिवाळीत त्यावरून दोन आठवडे अबोला होता.

माझ्या हातात बदाम राणी, बदाम सत्ती.
टेबलावर उताणी: बदाम दश्शी, बदाम चव्वी, इस्पिक राजा.
तेरातून चार गेले. नऊ उरले.
अजून दोन पानं यायची, तर नवाला चारनं गुणायचं:
शंभरात छत्तीस. जरा कमीच धरा.
याहून कमी भरवशावर लोकांनी वाकडला फ्लॅट बुक केलेत.

चौथं पान, चौकट दुर्री.
आता गुणायचं दोननंच.
न दिसलेली पानं सेहेचाळीस,
त्यांतली सहा या तिघांच्या मुठीत,
पण हिशेबाला त्याचं सोयरसुतक नाही.
न दिसलेलं ते न दिसलेलं,
गठ्ठ्याच्या तळाशी असो
की केरसीच्या अंगठ्याखाली.

केरसीनं चाळीस सरकवले.
मधे एकशेसाठ झाले, माझे चाळीस धरून दोनशे.
दोनशेत चाळीस म्हणजे पाचात एक.
आणि सेहेचाळिसांत नऊ
म्हणजे पाचात एकाला केसभर कमी.
इतक्याच बारीक फटीत
एकतीस वर्षं मी विम्याचे दावे बसवले.

पूर्वी ही फट केरसीच भरून द्यायचा.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
फ्यूज बसवताना ज्याचा हात कधी हलला नाही
त्याचा इथे, थाप मारताना, हलायचा.
डावी करंगळी. एवढीशी.
बावीस वर्षं आम्ही तिच्यावर जिंकलो
आणि त्याला कुणी सांगितलं नाही.
उत्पला म्हणते, त्याला ठाऊक होतं.

आता हात कायमच हलतो.
राजा आला तरी, काहीच नाही आलं तरी,
कप धरताना,
सदऱ्याचं वरचं बटण लावताना.
डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या,
आणि आमच्याकडून ती करंगळी काढून घेतली.

त्यानं पानं पुन्हा बघायला उचलली
आणि ती त्याच्या हातात फडफडू लागली.
एक कोपरा पार वळला.
काळं की लाल,
नुसती मान वळवायची खोटी.

तेवढ्यात रामवाडीकडे मेट्रो गेली,
उजळ, जवळजवळ रिकामी,
आणि आम्ही तिघीही तिच्याकडे
अशा बघत राहिलो
जसं काही तिच्यात आमचं कुणी बसलंय.

"टाकते की नाय, बाई? का झोपली?"

मी चाळीस मोजून टाकले.

किलवर तिर्री.

माझी पानं मी पालथीच सरकवली.
त्याचीही पालथीच राहिली.
चिंचोके ओढून घ्यायला त्याला सहा मिनिटं लागली,
तीन खाली सांडले,
कुणी वाकलं नाही. तो वाकला.
रझियानं वहीत आकडा मांडला,
मग त्याखाली पेन्सिलीनं एक रेघ,
उगाच, पट्टी लावून.