साडेबारा टक्के

जेल ओतताना हात हलू द्यायचा नाही.
दोन काचांच्या फटीत साडेबारा टक्के ॲक्रिलमाइड,
वर चमचाभर पाणी, म्हणजे कड सरळ बसते.
घरी सांगितलं तेव्हा बाबांना हसता हसता ठसका लागला :
“साडेबारा टक्के? तुजे लॅबमदी पन?”
त्यांची साडेबारा टक्क्यांची फाईल
सिडकोच्या कपाटात बावीस वर्षं झोपली होती.
मग भूखंड आला, मागोमाग बिल्डर आला.
आगर गेलं ते गेलंच.

बाबांनी मीठ पिकवलं. मी खारघरला, टेकडीखालच्या इमारतीत,
पेशी फोडून त्यांचा रस मिठाच्या पाण्यात ठेवते.
“पर तू करतंस काय नक्की?”
म्हटलं, पेशीत एक मूळ दप्तर असतं.
ते खोलीबाहेर जात नाही, नक्कल तेवढी निघते.
रायबोसोम ती नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतो
आणि एकेक अमिनो आम्ल ओवत जातो.
“तलाठी,” बाबा म्हणाले.
तलाठ्यापेक्षा बरा. जेवायला गेलाय असं कधी होत नाही.
साखळी सुरू होते मेथिओनिनपासून,
आणि काम मार्गी लागलं की पुष्कळदा
आधी त्यालाच छाटून टाकतात.

यावर बाबा काही बोलले नाहीत.
समोरच्या टॉवरकडे बघत राहिले,
ज्याच्या पाटीवर आमच्या गावाचं नाव नाही.

नुसत्या साखळीला अर्थ नसतो.
तिची घडी बसावी लागते.
आईचं लुगडं दोरीवर निव्वळ कापड असतं,
कासोटा खोचला की त्यात आई उभी राहते, तसं.
घडलं तर प्रथिन,
बिघडलं तर गुठळी.
मग काहींची रवानगी गॉल्जीत, थरावर थर पिशव्या :
एकीत साखर चिकटते, पुढचीत ती कातरली जाते,
शेवटी पत्ता लागतो, कुठे जायचं त्याचा...

“आगरच की गो!” बाबा उठूनच बसले.
“भरतीचा पानी उघारीतना पयले कुंडीत,
तिथना दुसरे, तिथना तिसरे.
दर कुंडीत पानी येगला.
घाईनं सोरला त मीट कच्चा.”
हे शिकायला मला पाच वर्षं आणि एक परीक्षक लागला होता.

आणि फॉस्फेट?
ते त्यांना लगेच कळलं.
प्रथिन तेच, अंगावर एक बारीक नोंद चढते
आणि झोपलेलं जागं होतं, जागं असलेलं गप्प.
सातबाऱ्यावर एक फेरफार पडतो,
माती तीच असते.

आज नमुना चारशे सतरा.
अंधाऱ्या खोलीत पट्टे उमटायची वाट बघत होते.
हे रखवालीचं प्रथिन. निरोगी पेशीत ते फार टिकत नाही,
घटकाभरात त्याला युबिक्विटिनची खूण लागते
आणि ते मोडीत निघतं.
मोडत राहतं म्हणजे सगळं ठीक आहे.
बाकीच्या रांगांत पुसट रेघा.
चारशे सतराच्या रांगेत काळाभोर, जाड पट्टा.
एक अक्षर चुकलं, घडी फसली,
जे मोडायला हवं होतं ते साठत गेलं.

मी पुन्हा केलं. प्रेरणा कुट्टीला दाखवलं.
तिने चष्मा वर केला, खाली केला, वहीत तारीख घातली.
आमच्याकडे नाव येत नाही, आकडा येतो.
खाली बाकावर कुणीतरी मांडीवर फाईल ठेवून
डब्यातली भाकरी मोडत होतं.
ते चारशे सतरा असेल, नसेलही.
मी जिन्याने उतरले, पलीकडच्या.

घरी बाबांचा रोजचाच प्रश्न,
दारात चप्पल काढायच्या आत :
“काय गो, पिकला का मीट?”
म्हटलं, आज फार पिकलं.
ते खूश झाले. आईला हाक मारून सांगितलंसुद्धा.
मी हात धुतले, कोपरापर्यंत,
आणि काही दुरुस्त केलं नाही.