बुडाला तीन छिद्रं

शाळेच्या खिचडीचा तेलाचा पिपा रिकामा झाला
की हेडसर म्हणतात, न्या गोकर्णाबाई.
मी नेते, डोक्यावर उलटा धरून.
चार थेंब वेणीत उतरतात,
त्यांचा हिशेब कोणी मागत नाही.

पहिल्या वर्षी छिद्रं पाडायची राहूनच गेली.
पाणी घालत गेले, घालत गेले, मायेनं,
आणि मिरचीची तीन रोपं
ऐन मे महिन्यात, आमच्या गावात,
जिथं नळ चौथ्या दिवशी येतो,
बुडून मेली.
हे मी कोणाला सांगितलं नाही.
आता खिळा आधी, माती मग.

काळी माती एकटी घालू नये. ती मनात धरून ठेवते,
वाळली की दगड.
तिच्यात कुटार, चुलीतली राख,
बुधाभाऊच्या गोठ्यातलं जुनं खत.
त्याला बदल्यात सांभार द्यायचा, हे ठरलेलं.

रंगाच्या डब्यात वांगं आहे, डब्यावर अजून 'आकाशी' लिहिलेलं.
फुटक्या गुंडात पुदिना.
फवारणीच्या औषधाचा डबा तेवढा मी घेत नाही.
मजबूत असतो, फुकट मिळतो, झाकणही घट्ट.
तरी नाही.
का, ते गावात सगळ्यांना ठाऊक.

बियाण्याला पैसा लावला नाही.
सांभार मसाल्याच्या डब्यातून, चपलेखाली अर्धा रगडून.
भेदराचं बी वीजबिलाच्या पाठीवर वाळत घातलं,
ते कागदाला असं चिकटलं
की शेवटी बिलच फाडून पेरलं, तुकडे तुकडे.
थकबाकी उगवली नाही.
भेदरं उगवली.

दर मंगळवारी मुनीर येतो सायकलवर, भंगार घ्यायला.
"पिप्याचे दहा देतो, बाई.
एवढा पत्रा मातीत सडवून राहिल्या तुम्ही."
मी म्हणते, सडू दे.
तो नजरेनं मोजतो. सतरा.
मी त्याची नजर मोजते.

पोळ्यानंतर वानरं आली,
काळतोंडी, लेकराबाळांसकट, कवेलूवरून सांदवाडीत.
बियाण्यासाठी वेलावर वाळत ठेवलेल्या बरबटीच्या शेंगा
त्यांनी बसून, सोलून, पाहुण्यांसारख्या खाल्ल्या.
मी ताट बडवत होते.
एक पिल्लू 'आकाशी'त बसून माझ्याकडं पाहत होतं,
जणू मीच नंतर आले.

त्या मंगळवारी मी मुनीरला म्हटलं, ने सगळे.
त्यानं पहिला पिपा उचलला, ओतायला तिरपा केला,
आणि तसाच थांबला.
वानराच्या हातून सांडलेला एक दाणा
मान वाकडी करून वर आला होता,
टोपी अजून डोक्यावर.
मुनीरनं पिपा होता तिथं ठेवला,
खाली लागलेली माती पँटीला पुसली.
"ओल्या मातीचं वजन मी घेत नाही," म्हणाला.
आणि रिकामी सायकल घेऊन गेला.

पुढच्या खेपेला कॅरिअरला बांधून आणल्या
जुन्या कूलरच्या तीन जाळ्या.
"वानरासाठी."
किती द्यायचे?
"सांभाराची जुडी.
अन् भेदराचं बी असन तर पाहा.
घरची म्हणते, तुटका टब पडला हाय पत्र्यावर."

मी या महिन्याचं बिल आणलं,
पाठीवर बी चिकटलेलं,
अर्धं फाडून त्याला दिलं.
त्यानं रक्कम आत राहील अशी घडी घातली
आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

तो फाटकापर्यंत गेला तेव्हा मी हाक मारली.
मे महिन्यातलं ते सगळं सांगितलं,
मिरचीचं, पाण्याचं, मायेचं.
तो हसला नाही.
भंगाराच्या पोत्यात हात घालून
एक लांब खिळा शोधला, अंगठ्यावर टोक पाहिलं.
"किती पाडू?"
तीन, म्हटलं.
टब मोठा असेल तर पाच.