घडी न मोडलेल्या चादरी

मे महिना. अकराच्या आत पोचायचं म्हणून
अक्कलकोट रोडला रिक्षा बदलली.
फाटकाशी सडा. टेबलफॅन माझ्या खुर्चीकडे वळवलेला,
बशीत खारी,
रजिस्टरं नव्या खाकी कव्हरात.
व्यवस्थापक येमूल म्हणाले, "मॅडम, आधी चहा."
मी म्हटलं, आधी रात्रपाळी.

रात्रीला चार नावं.
चारही सह्यांची शेपटी एकाच हाताला वळलेली,
एकाच जागी दमलेली.
एप्रिलच्या एकतीस तारखेलाही चौघी हजर.
मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

पुरुषांचा हॉल. कॉट बावीस.
बावीस नव्या चादरी, मोर विणलेल्या,
दुकानातली घडी अजून कापडावर चौकोन धरून बसलेली.
फिनाइल इतकं, की डोळ्यांत पाणी यावं.

नऊ नंबरला लक्ष्मीपती चिलका.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चादरीवर अंगठा फिरवत म्हणाले,
"आज सकाळी घातली ही. खळ हाय अजून.
तुम्ही गेलात की निघंल.
मी तेवीस वर्षं चेकिंगला होतो, ताई.
एका माणसाला दोन माग, तवर ठीक होतं.
मग शेटनं चार दिले.
पुढं बघावं तर पाठीमागं तुटतंय.
आणि धागा तुटला तर आवाज येत नाय.
माग चालतोच. कापड निघतंच.
दहा हात विणून झाल्यावर दिसतंय,
मधनं एक रेघ मोकळी गेली म्हणून."

"हितं रात्री माणसं किती?"
त्यांनी एक बोट वर केलं.
दारात चप्पल वाजली,
तसं ते बोट नाकाशी नेऊन
उगाच खाजवलं.

माझ्या प्रपत्रात प्रश्न सदतीस.
प्रश्न चोवीस: अंथरुणाला खिळलेल्या लाभार्थींची कूस
दर दोन तासांनी बदलली जाते काय?
होय. नाही.
मधे काही नाही.

रात्री पावणेदोनला पुन्हा गेले, न कळवता,
पुतण्याच्या मोटारसायकलवरून.
वॉचमन घोरत होता. मोर उडून गेले होते.
कॉटवर जुन्याच चादरी, धुऊन धुऊन विरलेल्या,
ट्यूबचा उजेड आरपार जाईल अशा.
बायकांच्या हॉलमधून आवाज आला,
"कोण? अंबूबाईची लेक का? बरं झालं आलीस.
पाय धर जरा."

मी फाईल खाली ठेवली. पाय धरले.
संगव्वानं खांद्याखाली हात घातला,
कन्नडमधून काहीतरी तीन आकडे मोजले
आणि अंबूबाई वळल्या.
पाठीवर रुपयाएवढी जखम. कापूस स्वच्छ, ओला, आत्ताचा.

"एकेचाळीस जण. मी कधी ह्या टोकाला, कधी त्या.
वरच्या हॉलमधलं खाली ऐकू येत नाय."
मग तिला फाईल दिसली. शिक्का दिसला.
ती पदराला हात पुसत राहिली, फार वेळ.
"माझं नाव घालू नका, बाई.
नोटीस त्यांना येईल,
काढतील मला."

मला ठाऊक होतं, तसंच होतं.
कुंभारीला मागच्या साली तसंच झालं होतं,
शेरा माझाच होता, अक्षरही सुवाच्य.

प्रश्न एकोणीस, काळजीवाहकांचे प्रमाण:
लिहिलं, एकास एकेचाळीस.
प्रश्न चोवीस: होय.
होयच्या पुढं जागा उरली होती,
तिथं पेन टेकवून बसले. शाई पसरली.

अंबूबाईंनी झोपेतच माझं बोट पकडलं,
अंगठ्यानं चेपलं, गोल वळलं,
टोक नखानं आत दुमडलं,
बाजूला ठेवून दिलं.
आयुष्यभर रोज हजार विड्या वळलेला हात,
पुन्हा चाचपू लागला. पुढचं पान.

भिंतीवरच्या घड्याळात दोन.
"चारला दुसरी कूस," संगव्वा म्हणाली,
कुठं बघायचं ते न कळून पंख्याकडे बघत,
"थांबता का?"