जळका

फॉर्म मीच भरला : पुंडलिक खवळे, वय एकाहत्तर.
दमा? नाही. हृदयविकार? नाही.
कानाचा त्रास? – इथे पेन थांबलं.
डावा कान त्याने याच पाण्यात ठेवलाय,
सात वाव खोल, अडकलेला नांगर सोडवताना.
"नाय म्हणान लिव," तो म्हणाला
उजव्या कानाने ऐकून.

विजयदुर्गापासून होडीने पाऊण तास.
खडकाचं नाव जळका, आजाच्याही आजापासून जळका.
गेल्या डिसेंबरात कॉलेजची पोरं आलेली, भूगर्भशास्त्राची.
त्यातली एक वर येऊन, मास्क काढत म्हणाली :
हा सगळा लाव्हा, ताई. वाहत आला नि इथे निवला.
घरी जाऊन बापाला सांगितलं.
जाळ्यातली सुई न थांबवता तो म्हणाला,
"मगे? नावातच आसा ना ता."

पर्यटकांना मी शिकवते :
अंगठा वर म्हणजे वर चला.
मस्त वाटलं तर बोटांचं गोल करा, अंगठा नाही.
तरी दर खेपेला कुणीतरी खुशीत अंगठा दाखवतोच
आणि मी नियमाप्रमाणे
त्याला आनंदातून वर काढते.

पाठीला टाकी बांधली तर हसला.
"दप्तर," म्हणाला. चौथीनंतर पहिल्यांदाच.

खाली
त्याने आधी श्वास धरला. सवय.
छाती भरली नि कडी घातली.
मी खुणावलं : घे, सोड, घे –
तर एकच बुडबुडा सोडला,
सुटे पैसे मोजून द्यावेत तसा.

त्याचा जळका एकेका दमाचा.
शिणाणे खरवडायची कडा, नांगर गिळणारी फट,
दीड-दीड मिनिटांनी पन्नास वर्षं जोडलेला.
आता हाताशी चाळीस मिनिटं,
आणि त्याला कळेना, त्यांचं करायचं काय.

पोपटमासे दगड कुरतडत होते.
पाण्यात आवाज बाजू विचारत नाही,
हाडांतूनच शिरतो.
त्याने डाव्या कानाला हात लावला.
पुन्हा लावला.

मग खडकापाशी गेला.
कशालाही शिवायचं नाही, हा नियम मी
दिवसातून आठ वेळा सांगते.
त्याने हात ठेवला, आधी पालथा,
तवा तापलाय का बघतात तसा,
मग सुलटा, पूर्ण पंजा.
मी पाहत राहिले. बोलले नाही;
तोंडात नळी होती, हे बरंच झालं.

आणि तो वळला. अंगठा वर.

या माणसाने कशालाच कधी मस्त म्हटलेलं नाही,
माझ्या लग्नाला नाही, या धंद्याला तर नाहीच.
काट्यावर हवा अर्ध्याहून जास्त.
नियम म्हणतो : वर.
मीही अंगठा वर केला,
आणि दोघंही तिथेच राहिलो.

होडीत दोरी धरून बसलेल्या बबनला
दिसल्या असतील बुडबुड्यांच्या दोन रांगा :
एक माझी, उधळी,
आणि एक काटकसरीची, थांबत थांबत येणारी.