आडोसा

व्हार्टन, न्यू जर्सी. नोव्हेंबर.
मंगळवारी चाचणी असते,
हे मला फडताळातल्या ताटांकडून कळतं.
टेकडीपलीकडे काहीतरी फुटतं
आणि स्टीलची ताटं एकमेकींना हळूच कोपर मारतात.
परसातली हरणं मानही वर करत नाहीत.
चरता चरता शिकली असावीत.

मी हत्यार कधी हातात धरलेलं नाही.
मी पुस्तिका लिहिते:
कोणतं बटण आधी, कोणतं नंतर,
बॅटरी उलटी बसली तर काय,
ओल्या हातमोज्यांनी काय करू नये.
वाक्य बारा शब्दांपेक्षा लांब नको, असा नियम आहे.
घाबरलेला माणूस बाराच्या पुढे वाचत नाही.

जुन्या लाँचरबद्दल डेल कोवाल्चिक सांगतो,
एका गुडघ्याची वाटी गेलेली, तरी कॅन्टीनमध्ये उभा राहून,
हाताचीच नळी करून:
एक गोळा, एक आवाज, थंप.
मग वाट बघायची.
अंदाज अंगठ्यात असायचा. चुकला तर माझा चुकला.
नव्याला तो नावं ठेवत नाही.
फक्त त्याला हात लावण्याआधी
मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकतो.
का, ते कुणी विचारलेलं नाही.

नव्याचं असं आहे:
लेझर भिंतीपर्यंत जातो, अंतर घेऊन परत येतो.
नळीतल्या गोळ्याच्या कानात सांगितलं जातं
किती गिरक्या.
तो निघतो, स्वतःभोवती फिरत, मनातल्या मनात मोजत,
भिंतीवरून जातो, थांबत नाही,
आणखी एक मीटर,
आणि जिथे आपटायला काहीच नाही
अशा मोकळ्या हवेत फुटतो.
खाली कोणी बसलेलं असतं.

पान सत्तेचाळीसवर ते बसलेलं आहे.
भिंत, भिंतीमागे करडी आकृती,
चेहरा नाही, गुडघे पोटाशी.
चित्रं काढणारी मॉरीन विचारते,
करडा अजून फिका करू का?

मला ते बसणं ओळखीचं आहे.
इचलकरंजीत मागाच्या शेडमागे
सिमेंटच्या टाकीला पाठ लावून मी असंच बसायचे.
आत माग खडखडायचे,
मीटर धोट्याच्या फेऱ्या मोजायचं,
आणि भिंतीकडे तोंड करून कोष्ट्याचा जनू मोजायचा:
दहा, वीस, तीस, चाळीस...
सत्तरला हमखास अडखळायचा.
त्या अडखळण्यात केवढी जागा असायची!
मी टाकी सोडून सरपणामागे जाऊन यायचे.
कधी तर मी दिसले तरी तो वळायचा,
आईनं हाक मारली म्हणायचा,
हाक मलाही ऐकू आलेली नसायची.

गोळा सत्तरला अडखळत नाही.
अडखळलाच तर त्याला बिघाड म्हणतात,
परिशिष्ट क, माझंच लिहिलेलं.

जो मोजायचा त्याच्यावर राज्य असायचं.
तेव्हा त्या शब्दाचं काही वाटलं नाही.
राज्य ज्याच्याकडे, तो मोजणार,
बाकीच्यांनी लपायचं.
मॉरीनला समजावू लागले तर ती म्हणाली,
आमच्यात त्याला नुसतं ‘ते’ म्हणतात.
मग दोघीही पुढे काही बोललो नाही.
तिनं करडा फिका केला.

लपलेल्यासाठी पुस्तिकेत एक फ्रेंच वळणाचा शब्द आहे.
मला मात्र दर वेळी आडोसाच आठवतो.
आडोसा ही द्यायची गोष्ट.
कृष्णेवर मामी ओलेती बाहेर यायची
तेव्हा दोघी जणी लुगडं ताणून धरायच्या
आणि तोंडं नदीकडे फिरवायच्या.

शुक्रवारी मसुदा गेला.
मराठीत केला तर असा होईल:
भिंतीपर्यंतचं अंतर घ्या. एक मीटर मिळवा. दाबा.
सात शब्द. नियमात बसतात.
पाच शिल्लक राहतात,
ते मी रोज घरी घेऊन येते,
आणि मंगळवारी ताटं वाजली की
हात ओले असले तरी
फडताळाला पाठ लावून उभी राहते.